हिमसागराचे अभ्यासक : एक परिचय



जगाच्या नकाशावर वरच्या व खालच्या टोकांस पांढरा रंग दिलेला असतो, आणि ‘येथे बारमाही बर्फ’ एवढे एक वाक्य पाठ केले की परीक्षेपुरते काम भागते. परंतु त्या पांढऱ्या रंगाखाली काय दडले आहे याचा विचार केला, तर मन थक्क झाल्यावाचून राहत नाही. दक्षिणेकडील अंटार्क्टिका खंडाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या चौपटीहून अधिक. त्यावरील हिमस्तराची सरासरी जाडी सुमारे २ किलोमीटर. २१ जुलै १९८३ रोजी तेथील व्होस्तोक या रशियन ठाण्यावर शून्याखाली ८९.२ अंश सेल्सियस इतके तपमान नोंदले गेले. या खंडाच्या भोवती समुद्र आहे, हिवाळ्यात तो समुद्रही वरून गोठतो, आणि त्या गोठलेल्या छताखाली अगणित जीव सुखाने नांदतात. हे जीव पाहण्यासाठी बर्फास भोक पाडून खाली उतरणारी माणसे आहेत. त्यांची व त्यांच्या सोबत्यांची ओळख करून देण्याचा या लेखात आमचा प्रयत्न आहे.

ओळख म्हणजे नामावळी नव्हे, हे येथेच सांगून ठेवावयास हवे. क्रिकेटच्या संघातील अकरा नावे तुम्हांस तोंडपाठ असतात. पण खेळपट्टी कोणी तयार केली हे सहसा कोणी विचारत नाही. ध्रुवप्रदेशात असे करून चालत नाही. तेथे शोध एकाच्या नावावर जमा होतो खरा, परंतु तो शोध लावणारा जिवंत परत आला तो कोणाच्या हातामुळे, हे पाहिल्याशिवाय त्या शोधाची खरी किंमत कळावयाची नाही.

अनगोळच्या मुलांनी ध्रुवाची चौकशी कशाला करावी, असे एखाद्या पालकास वाटेल. त्यांना आमचे सांगणे असे की, ध्रुव दूर असला तरी ध्रुवाकडे जाणारी वाट आपल्या दारावरून जाते. बेळगावची भाजी व दूध रोज चोरला घाटाने गोव्यात उतरते आणि मासळीच्या गाड्या घाट चढून वर येतात. खानापूर तालुक्यातील रानात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते व पणजीजवळ समुद्रास मिळते. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मुखांमधील भूशिरावर दोनापावल म्हणून ठिकाण आहे. तेथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १ जानेवारी १९६६ रोजी या संस्थेची स्थापना झाली. समोरच जुवारीच्या पलीकडे मुरगाव बंदर. याच बंदरातून ६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ नावाचे नॉर्वेजियन जहाज २१ भारतीयांना घेऊन दक्षिणेकडे निघाले. भारताची ती पहिली अंटार्क्टिका मोहीम. मोहिमेविषयी गुप्तता राखण्यात आली होती. ९ जानेवारी १९८२ रोजी आपल्या माणसांचे पाय त्या हिमभूमीस लागले.

त्या तुकडीचे पुढारी डॉ. सय्यद जहूर कासिम. यांचा जन्म १९२६ साली अलाहाबादेत झाला. कोणी गिर्यारोहक किंवा सेनापती असेल अशी तुमची कल्पना झाली असेल, तर ती सोडून द्या. हे गृहस्थ माशांच्या जीवनाचे अभ्यासक होते. वेल्समध्ये संशोधन करून ते परतले, पुढे दोनापावलच्या संस्थेचे संचालक झाले, आणि पंचावन्नाव्या वर्षी बर्फ फोडीत चाललेल्या जहाजावर उभे राहिले. त्यांचे साहाय्यक डॉ. सिद्दिकी हे समुद्रतळाच्या भूरचनेचे जाणकार. उरलेल्यांत कोणी हवामानाचा अभ्यासक, कोणी भूगर्भाचा, कोणी नौदलाचा अधिकारी. आपापल्या विषयात निष्णात असलेल्या या मंडळींपैकी बहुतेकांनी खरा बर्फ पूर्वी फारसा पाहिला नव्हता, हे ध्यानात घ्या. आता अशा मोहिमेस जाणाऱ्यांस उत्तराखंडातील औली येथे बर्फात चालण्याचे व तगून राहण्याचे शिक्षण देतात, आणि वैद्यकीय तपासणीत जो उतरत नाही त्याची विद्वत्ता कितीही मोठी असली तरी त्यास घरी राहावे लागते.

आता ज्या एका व्यक्तीविषयी आम्हांस विस्ताराने लिहावयाचे आहे, तिच्याकडे वळू. डॉ. अदिती पंत यांचे नाव आमच्या वर्गातील किती मुलींनी ऐकले आहे, हे विचारण्याचे धैर्य आम्ही अजून केलेले नाही. त्यांचा जन्म १९४३ साली नागपूरला झाला. औंधच्या पंतप्रतिनिधींचे हे घराणे. औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब हे त्यांचे आजोबा, आणि परराष्ट्र खात्यात नाव मिळविलेले आप्पासाहेब पंत हे वडील. या आजोबांचा आपल्या गावाशी एक जुना धागा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले व पुढे लोखंडी नांगरांचा कारखाना सुरू केला. नवी वसाहत उठविण्याच्या वेळी त्यांना येथील जागा सोडावी लागली. तेव्हा त्यांना कुंडल रोडजवळची जमीन देऊन १९१० साली किर्लोस्करवाडी वसविण्यास ज्यांनी हातभार लावला, ते हेच बाळासाहेब. याच राजाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. सूर्यनमस्काराचा प्रसार तर त्यांनी देशभर केला.

अशा घरातील मुलीने समुद्रशास्त्राकडे वळावे हे थोडे नवलाचेच. पुणे विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर त्यांच्या हाती अॅलिस्टर हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाचे खुल्या समुद्राविषयीचे पुस्तक पडले, आणि त्या पुस्तकाने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली. शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाई विद्यापीठात गेल्या. तेथून लंडनला जाऊन सागरी वनस्पतींवर संशोधन करून त्यांनी डॉक्टर ही पदवी संपादन केली. परदेशात मानाची जागा मिळणे अशक्य नव्हते. परंतु समुद्रविज्ञान संस्थेचे संस्थापक डॉ. पणिक्कर यांच्या प्रेरणेने त्या स्वदेशी परतल्या व गोव्यात काम करू लागल्या. आरंभीची कित्येक वर्षे पश्चिम किनाऱ्याच्या पाण्याचे नमुने गोळा करण्यात गेली. वर्तमानपत्रात छापून येण्याजोगे असे त्या कामात काहीही नव्हते. आमच्या मते, ध्रुवाची तयारी ती हीच.

त्यांचा विषय होता समुद्रातील सूक्ष्म तरंगत्या वनस्पती. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. शेतातील जोंधळा जसा सूर्यप्रकाश, हवा व पाणी यांपासून अन्न तयार करतो, तसेच या वनस्पती समुद्रात करतात. त्यांच्यावर झिंग्यासारखे दिसणारे ‘क्रिल’ नावाचे लहान प्राणी जगतात. क्रिलवर पेंग्विन, सील आणि प्रचंड देवमासे जगतात. म्हणजे शंभर टनांचा देवमासा अखेर न दिसणाऱ्या शेतीवर पोसला जातो. या शेतीचे पीक किती येते, हे मोजल्यावाचून त्या समुद्रातून माणसाने क्रिल किती काढावे हे ठरविता येणार नाही. हा प्रश्न केवळ विद्वानांचा नव्हता. क्रिल पकडणारी मोठी जहाजे तेव्हा त्या समुद्रात फिरू लागली होती, आणि तेथील जीवांच्या रक्षणासाठी झालेला आंतरराष्ट्रीय करार १९८२ साली अमलात आला.

हे पीक मोजण्याची एक रीत तुम्हांसही समजेल इतकी सोपी आहे. समुद्राचे पाणी दोन बाटल्यांत भरावयाचे. एक बाटली स्वच्छ काचेची, दुसरी काळी. दोन्ही ठराविक वेळ त्याच पाण्यात टांगून ठेवावयाच्या. काळ्या बाटलीतील वनस्पतींना उजेड मिळत नाही, म्हणून त्या अन्न तयार करू शकत नाहीत, केवळ श्वसन करून प्राणवायू खर्च करतात. स्वच्छ बाटलीत दोन्ही क्रिया चालतात. शेवटी दोहोंतील प्राणवायू मोजून वजाबाकी केली की उजेडात किती काम झाले ते कळते. अधिक बारीक मोजणीसाठी किरणोत्सर्गी कार्बनचा उपयोग करतात. परंतु दोन बाटल्यांतील फरक पाहावयाचा, हे त्यामागील तत्त्व तेच. अंटार्क्टिकाच्या उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. तेव्हा ही शेती रात्रंदिवस पिकते, आणि ती मोजणाऱ्याने झोपावे केव्हा, हाही एक प्रश्नच होतो.

डिसेंबर १९८३ मध्ये तिसरी मोहीम गोव्याहून निघाली. जहाज ‘फिनपोलारिस’, पुढारी डॉ. हर्ष गुप्ता, माणसे ८१. त्यांत प्रथमच दोन स्त्रिया होत्या. एक डॉ. अदिती पंत, दुसऱ्या कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता. सुदीप्ताबाई या कसलेल्या गिर्यारोहक. दार्जिलिंगच्या संस्थेत त्यांनी प्रत्यक्ष तेनसिंग नोर्गे यांच्या हाताखाली शिक्षण घेतले होते. एकीचे लक्ष खडकांकडे, दुसरीचे पाण्याकडे. पुढे अदितीबाई पाचव्या मोहिमेसही गेल्या. मुलींना अशा ठिकाणी जाता येते काय, अशी शंका आजही आमच्या कानी येते. या शंकेस १९८३ सालीच उत्तर मिळालेले असताना ती अजून जिवंत कशी, याचेच आम्हांस आश्चर्य वाटते.

त्या ८१ जणांपैकी बरेचसे सैन्यातील होते व त्यांचे काम घर बांधण्याचे होते. उन्हाळ्याच्या सुमारे दोन महिन्यांत त्यांनी बर्फाच्या तरंगत्या थरावर ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे पहिले ठाणे उभे केले. बांधकाम करणाऱ्यांनी हातोडा ठेवला तरच शास्त्रज्ञांना दुर्बीण ठेवावयास टेबल मिळणार, आणि हेलिकॉप्टर चालविणाऱ्यांनी आभाळ चुकीचे ओळखले तर टेबलापाशी बसावयास कोणी उरणार नाही, असे हे परस्परावलंबी जीवन. मार्च १९८४ मध्ये जहाज परत फिरले तेव्हा लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा यांच्या नेतृत्वाखाली १२ जण मागे राहिले. मे महिन्याच्या अखेरीपासून सुमारे दोन महिने त्यांनी सूर्य पाहिला नाही. पुढचे जहाज येईपर्यंत त्यांच्यापैकी कोणास पोटात दुखू लागले, तरी उपाय करावयाचा तो त्या बारांतील वैद्यानेच.

जहाजावरून बाटल्या व जाळी सोडून बरेच काही हाती लागते, हे आपण पाहिले. परंतु बर्फाच्या छताच्या खालच्या अंगास जे चिकटून वाढते, किंवा समुद्रतळावर जे जागच्या जागी घडते, ते जाळ्यात येत नाही. शेतातील पीक विमानातून दोरी सोडून उपटले, तर पिकाविषयी जितके कळेल तितकेच ते ज्ञान. तेथे डोळेच न्यावे लागतात, म्हणून पाणबुडे. आपल्याकडील समुद्रविज्ञान संस्थेतही बुडी मारून अभ्यास करणारे आहेत. द्वारकेच्या समुद्रतळावरील अवशेष त्यांनी डॉ. एस. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली धुंडाळले, व मुरगावजवळच्या सुंची खडकापाशी बुडालेल्या जुन्या पोर्तुगीज जहाजाच्या तोफा व हस्तिदंत वर आणले. ते मात्र आपले ऊबदार पाणी. बर्फाखालच्या बुडीसाठी आपणास इतर देशांच्या ठाण्यांकडे पाहावयास हवे. विशेषतः अमेरिकेच्या मॅकमर्डो ठाण्याकडे.

अंटार्क्टिकाच्या पाण्यात पहिली बुडी कोणी मारली असेल? एखादा जगप्रसिद्ध प्राध्यापक, असे उत्तर द्याल तर फसाल. १९०२ साली जर्मनांचे ‘गाउस’ हे जहाज बर्फात अडकले होते. त्याच्या तळाची डागडुजी करण्यासाठी जहाजावरील सुतार विली हाइनरिख हा पितळी शिरस्त्राण घालून त्या पाण्यात उतरला. हिमसागराखालचे जग पाहणारा पहिला माणूस हातात हत्यारे घेतलेला सुतार असावा, हे आम्हांस फार आवडते.

समुद्राचे पाणी खारट असल्यामुळे शून्य अंशावर गोठत नाही. शून्याखाली सुमारे १.८ अंशापर्यंत ते पातळच राहते. पाणबुड्या उतरतो तो या पाण्यात. माघातील पहाटे आपल्या विहिरीच्या पाण्यात हात घालून आपण चटकन बाहेर काढतो; ते पाणी यापुढे ऊनच म्हणावे लागेल. उघड्या अंगाने त्या पाण्यात पडणाऱ्याचे हातपाय थोड्याच मिनिटांत निकामी होतात. म्हणून पाणी आत न शिरणारा पोशाख चढवावयाचा, त्याच्या आत लोकरीचे जाड कपडे, हातांत जाड मोजे. तरीही ओठांभोवतीची उघडी राहिलेली कातडी बधिर होते आणि बोटे प्रथम दगा देतात. अर्धा-पाऊण तासापलीकडे खाली राहणे शहाणपणाचे समजत नाहीत.

थंडीहून मोठा वैरी म्हणजे छत. आपल्या समुद्रात बुडी मारणारा संकटात सापडला तर सरळ वर येतो. येथे वर दोन-तीन मीटर जाडीचा बर्फ. वर येण्यास वाट एकच, ज्या भोकातून उतरला ते भोक. त्यात आणखी एक विलक्षण अडचण. टाकीतील दाबलेली हवा बाहेर पडताना पसरते, आणि पसरणारी हवा थंड होते, हे तुम्ही पदार्थविज्ञानात शिकला आहात. सायकलच्या चाकातील हवा सोडताना तोंडाशी बोट धरून पाहा. आधीच गोठणबिंदूवर असलेल्या पाण्यात ही हवा आणखी थंड होते, श्वासातील ओल श्वासयंत्राच्या झडपेवर गोठते, झडप उघडी अडकते आणि टाकीतील सारी हवा भसाभस निघून जाते. यास्तव बर्फाखाली जाणारा पाणबुड्या दोन स्वतंत्र श्वासयंत्रे बाळगतो, आणि पाण्यात शिरेपर्यंत त्यांतून श्वास घेत नाही. कारण बाहेरची हवा पाण्याहून कितीतरी अधिक थंड असते. पुस्तकातील एक नियम येथे माणसाच्या प्राणाशी जाऊन भिडतो.

आता या तुकडीतील माणसे पाहू. भोक पाडणारे यंत्र चालविणारा यांत्रिक हा पहिला. मीटरभराहून अधिक रुंदीचे भोक तो बर्फात पाडतो व त्यावर उबारा देणारी झोपडी ओढून आणतो. त्याने बर्फाची जाडी व भेगा नीट पाहिल्या नाहीत, तर झोपडीसह सारेच पाण्यात. दुसरा, भोकाच्या काठावर उभा राहणारा दोरी धरणारा सोबती. खालच्यास दोरीने बांधलेले असले तर त्या दोरीचे वरचे टोक याच्या हाती. ठरलेल्या खुणांप्रमाणे दोरी ओढली जाते, आणि खाली सर्व ठीक आहे की नाही ते यास तळहातावर समजते. बर्फावर उभ्या असलेल्या या माणसास खालच्याहून अधिक थंडी सोसावी लागते, कारण त्यास हालचाल करता येत नाही, व लक्ष तर क्षणभरही काढता येत नाही. तिसरा, पोशाख चढवून तयार बसलेला राखीव पाणबुड्या. त्याची पाळी येऊ नये अशीच सर्वांची इच्छा असते. त्याने मात्र ती येणारच अशा तयारीने बसावयाचे. जेथे पाणी स्वच्छ असते तेथे दोरी न बांधताही उतरतात. तेव्हा भोकातून एक जाड दोर सरळ खाली सोडून त्यास निशाणे व लुकलुकणारे दिवे बांधतात, म्हणजे परतीची वाट दुरून दिसते. एकटा कोणीही उतरत नाही, जोडीदार हवाच.

आमच्या घरच्या कोंकणीत बुडी मारणाऱ्यांचे अप्रूप नाही. खडपांना चिकटलेली शिनाणी, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, काढणारे लोक गोव्याच्या किनाऱ्यावर दम धरून पाण्यात जातात. रांपण नावाचे मोठे जाळे किनाऱ्यावरून ओढतात तेव्हा शेकडो हात दोरास लागतात, आणि ज्याने ज्याने दोर ओढला त्यास मासळीत वाटा असतो. बर्फावरील दोरीच्या माणसाविषयी प्रथम वाचले तेव्हा आम्हांस ही रांपणच आठवली. फरक एवढाच की शास्त्राच्या लेखावर त्याचे नाव क्वचितच छापले जाते.

या तुकडीत एक आगंतुकही असतो. वेडेल सील हा प्राणी बर्फाखाली पोहतो, पण श्वासासाठी त्यास वर यावेच लागते. स्वतःची भोके तो दातांनी घासून उघडी ठेवतो. माणसांनी आयते भोक पाडून दिले की तो ते आनंदाने वापरतो. पाणबुडा परत येऊन पाहतो तो वाटेत चार-पाचशे किलो वजनाचे हे धूड जोरजोराने श्वास टाकीत बसलेले! अशा वेळी बाजूस थांबून त्याचे आटोपेपर्यंत वाट पाहावी, कारण दम कोंडलेल्या प्राण्याशी हुज्जत घालणे बरे नव्हे.

एवढे कष्ट करून पाहिले काय? मॅकमर्डोच्या समुद्रात १९६० नंतरच्या दशकात पॉल डेटन हा अमेरिकन शास्त्रज्ञ बुड्या मारू लागला. बर्फ पाण्यावर तरंगतो हे आपण जाणतो; पण त्या उथळ समुद्रात थेट तळावरील दगडांवर व प्राण्यांवरही बर्फाचे स्फटिक धरतात, ही गोष्ट त्याने व त्याच्या सोबत्यांनी १९६९ साली मांडली. सुमारे ३० मीटर खोलीपर्यंत असे घडते. स्फटिकांचा झुपका पुरेसा वाढला की तो हलका होऊन वर उठतो, आणि त्यास चिकटलेल्या तारामाशाला व स्पंजाला घेऊन छतास जाऊन लागतो. म्हणून उथळ तळ ओसाड आणि त्याच्याखालचा भाग स्पंजांच्या बागेने भरलेला, असा स्पष्ट पट्टा तेथे दिसतो. जाळे टाकणाऱ्यास ओसाडपणा कळला असता, त्याचे कारण कधीच कळले नसते.

त्याच सुमारास आर्थर डेव्हराइस याने तेथील माशांचे रक्त का गोठत नाही याचा शोध घेतला. माशांच्या रक्तात एक विशिष्ट प्रथिन असते. ते बर्फाच्या सूक्ष्म कणांस चिकटून त्यांची वाढ रोखते. तेथील काही माशांच्या रक्तात तर तांबडे द्रव्यच नाही, ते पाण्यासारखे फिकट दिसते. अतिथंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो, म्हणून त्यांचे त्यावाचून भागते. आणखी एक गंमत पाहा. वसंतऋतूच्या आरंभी मॅकमर्डोचे पाणी इतके नितळ असते की दोनशे मीटरहून अधिक दूरचे दिसते. डिसेंबर उजाडताच तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींना बहर येतो आणि समोरचा जोडीदारही दिसेनासा होतो. म्हणजे अदितीबाई ज्या पिकाची मोजणी करीत, तेच पीक पाणबुड्याच्या डोळ्यांवर पडदा टाकते.

या साऱ्या वर्णनावरून कोणी समजेल की मोठा धोका तो पाण्याखालीच. तसे नाही. १९९० च्या जानेवारीत नवव्या भारतीय मोहिमेतील चार जण हम्बोल्ट पर्वतातील छावणीत मृत्यू पावले. तंबूत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचला होता. या वायूस रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसास तो जागे करीत नाही. बेळगावच्या थंडीत दारे-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल काही घरांत आहे. त्या शेगडीतून निघणारा वायू हाच. पालकांनी याची अवश्य दखल घ्यावी. हिमभूमीवर निवडक, शिकलेल्या, धडधाकट माणसांचे प्राण ज्याने घेतले, तो आपल्या लेकरांची गय करणार नाही.

दक्षिण गंगोत्री आता वापरात नाही. बर्फावर बर्फ साचून ते ठाणे गाडले जाऊ लागले, आणि १९९० च्या सुमारास ते सोडून द्यावे लागले. त्यापूर्वीच खडकाळ जमिनीवर ‘मैत्री’ हे दुसरे ठाणे उभे झाले होते. २०१२ साली ‘भारती’ हे तिसरे झाले. उत्तर ध्रुवाकडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील न्यू-ओलेसुंड या वस्तीत २००८ च्या जुलैपासून आपले ‘हिमाद्री’ ठाणे आहे. त्या वस्तीसमोरच्या खाडीत जर्मन पाणबुडे समुद्रातील वनस्पतींच्या रानाचा अभ्यास करतात, आणि त्याच खाडीत आपल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली पाण्याखाली उपकरणांची साखळी नांगरून ठेवली. २०१६-१७ मध्ये भारतीय अवकाश संशोधन संस्थेतील मंगला मणी या छप्पन्नाव्या वर्षी ‘भारती’ ठाण्यावर चारशेहून अधिक दिवस राहिल्या. दोघींपासून आरंभ झालेली ती वाट अजून चालू आहे.

ठाण्यावर राहणाऱ्यांत आचारी असतो, विजेचे जनित्र सांभाळणारा असतो, वैद्य असतो. हिवाळ्यात जनित्र बंद पडले तर काही तासांत ठाणे राहण्याजोगे उरत नाही. म्हणून रात्री उठून त्याच्या आवाजाकडे कान देणाऱ्या माणसास तेथे मोठा मान आहे. आणि महिनोन् महिने तीच माणसे, तेच चार कोपरे, ताज्या भाजीचा पत्ता नाही, अशा वेळी पानात गरम भाकरी-आमटी वाढणारा आचारी हाही वैद्याहून कमी नव्हे, असे आमचे मत आहे. भांडी घासण्याची पाळी मात्र शास्त्रज्ञांवरही येते.

या सर्व मोहिमांची व्यवस्था आता वास्को येथील हेडलँड सडा या टेकडीवरील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून होते. ते १९९८ साली स्थापन झाले. सहलीस गोव्यात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी मुरगाव बंदर पाहताना मागे वळून त्या टेकडीकडेही पाहावे. तेथे एका खोलीत शून्याखाली २० अंशांवर अंटार्क्टिकाच्या बर्फाचे लांब दांडके राखून ठेवले आहेत. वर्षानुवर्षे थरावर थर साचून बनलेल्या त्या बर्फात जुन्या काळच्या हवेचे बुडबुडे अडकलेले आहेत, व त्यांवरून त्या काळचे हवामान वाचतात. बाहेर नारळीची झाडे व वैशाखाचा घाम. आत काम करणारा मात्र लोकरीचा जाड कोट, टोपी आणि हातमोजे चढवून बर्फ करवतीने कापीत असतो, आणि ठरावीक वेळाने त्याचा सोबती दार उघडून त्यास बाहेर बोलावतो.